पाणबुडीचे कान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवत राहिले. त्यातही ध्वनी आणि लहरी हा त्यांचा खास प्रांत. म्हणून या वर्षीचं निमंत्रण आलं तेव्हा विषय आवाजाचाच घ्यायचा हे मनाशी ठरलं. मात्र आज ज्या आवाजाबद्दल बोलणार आहे, तो ऐकायला माणसं समुद्राखाली शेकडो फूट जातात आणि त्यासाठी कंपन्यांना हजारो कोटींची कंत्राटं मिळतात. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांची सोनार यंत्रणा, तिच्यामागचं सिग्नल प्रोसेसिंग, आणि एकमेकींच्या ताटातलं ओढायला टपलेल्या कंपन्यांनी ती यंत्रणा दर दोन वर्षांनी नवी करायची रीत कशी बसवली, हा आजचा विषय.

संयोजकांनी दबकत विचारलं, "लष्करी विषय आहे, श्रोत्यांना जड जाणार नाही ना?" मी म्हटलं, लष्कर बाजूला ठेवा. एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांकडून वेळेत काम कसं करून घ्यायचं, हा प्रश्न सोसायटीच्या कमिटीत बसलेल्या कोणालाही जड जाणार नाही.

आधी थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचं भांडण कशावरून होतं ते कळायचं नाही.

पाण्याखाली प्रकाश फार लांब जात नाही, रेडिओलहरीही जात नाहीत. आवाज जातो, आणि फार लांब जातो. समुद्राच्या पाण्यात त्याचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर. पाणबुडी समजा अगदी हळू चालली आहे, पंखा जेमतेम फिरतो आहे. तरी आत विजेवर चालणारे पंप असतात, जनित्रं असतात. त्यांची गुणगुण पोलादी कवचातून पाण्यात झिरपते. रशियात वीज ५० हर्ट्झची, आपल्यासारखीच. अमेरिकेत ६०. त्यामुळे शीतयुद्धात अमेरिकी सोनारवाल्याला ५० हर्ट्झ किंवा तिच्या पटीतली बारीकशी रेघ पडद्यावर दिसली की तो सावरून बसे, कारण ती रेघ आपल्या जहाजाची असण्याची शक्यता कमी.

आता ५० हर्ट्झची तरंगलांबी काढा. १५०० भागिले ५०, म्हणजे ३० मीटर. पाणबुडीच्या नाकात हजारावर श्रवणघटक बसवलेला जो मोठा गोल असतो, त्याचा व्यास जेमतेम साडेचार मीटर. तीस मीटर लांबीच्या लाटेसमोर तो एका ठिपक्यासारखा. आवाज आहे एवढं त्याला कळेल. कुठून येतो हे कळणार नाही. म्हणून पाणबुडी आपल्यामागे शेकडो मीटर लांब केबल ओढत नेते आणि त्या केबलला ठरावीक अंतरावर हायड्रोफोन असतात. पाण्यातले मायक्रोफोन म्हणा.

इथे खरी करामत सुरू होते. आषाढीच्या दिंडीत तुम्ही चालला असाल तर तुम्हाला अनुभव असेल. दिंडी लांब असली की पुढच्या वारकऱ्याला मागच्या टाळांचा आवाज किंचित उशिरा येतो. एकाच ठेक्यावर पडलेले टाळ कानाला विस्कटलेले वाटतात. समजा, प्रत्येक टाळाचा आवाज तुम्हाला हवा तेवढा मागेपुढे सरकवता आला, तर सगळे पुन्हा एका ठेक्यावर आणता येतील. हायड्रोफोनांचं नेमकं तेच करतात. आवाज अमुक दिशेने येतोय असं धरायचं, त्या हिशेबाने प्रत्येक हायड्रोफोनचा संकेत थोडा थोडा मागे-पुढे करायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. दिशा बरोबर धरली असेल तर बेरीज फुगते. चूक असेल तर आवाज एकमेकांना मारतात. हे एका दिशेसाठी. सगळ्या दिशांना, सतत, एकाच वेळी हे चाललेलं असतं. त्यातही सरळ केबलची एक जन्मजात खोड आहे: आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे तिला सांगता येत नाही. ते ठरवायला पाणबुडीला वळावं लागतं आणि वळल्यावर केबल सरळ व्हायची वाट बघावी लागते.

दिशा मिळाली की मग कंप्रता. समोरच्या पाणबुडीने वेग एका नॉटने बदलला, तर ५० हर्ट्झची रेघ डॉप्लरमुळे सरकते साधारण ०.०१७ हर्ट्झ. एवढा फरक ओळखायचा तर किती वेळ ऐकावं लागेल? गणित सोपं आहे, एक भागिले ०.०१७. जवळजवळ एक मिनिट. त्या मिनिटभरात समुद्र हलतो, केबल वाकते, वर एखादं मालवाहू जहाज धडधडत जातं, कोळंब्या कडकड करतात. या सगळ्यातून ती रेघ वेगळी काढायची म्हणजे सिग्नल प्रोसेसिंग. १९६५ साली कूली आणि ट्युकी यांनी प्रसिद्ध केलेल्या जलद फूरिए रूपांतराने हे हिशेब संगणकाच्या आवाक्यात आले. तो पायाही याच कुळातला होता. भूमिगत अणुचाचण्या दुरून भूकंपमापकांवर ओळखता येतील का, या चिंतेतून रिचर्ड गार्विन या भौतिकशास्त्रज्ञाने त्या गणिताचा पाठपुरावा केला होता.

तर अमेरिका या खेळात तीन दशकं वरचढ होती. रशियन पाणबुड्या गोंगाट करत, अमेरिकी पाणबुड्या त्यांच्या मागे मागे फिरत, बऱ्याचदा त्यांना पत्ता न लागता. मग चित्र पालटलं. नौदलातला जॉन वॉकर नावाचा माणूस सतराएक वर्षं सोव्हिएतांना गुपितं विकत होता. तो १९८५ मध्ये पकडला गेला. आपल्या पाणबुड्या किती सहज ऐकू येतात हे मॉस्कोला त्याच्यामुळे कळलं असं मानतात. १९८७ मध्ये तोशिबा मशीन आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्गने पंख्यांची पाती अचूक कातणारी यंत्रं सोव्हिएतांना विकल्याचं उघड झालं, तेव्हा अमेरिकी खासदारांनी संसदेच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. फोटोसाठी छान प्रसंग होता. पण सोव्हिएतांच्या शांत पाणबुड्यांची वाटचाल ती यंत्रं पोचायच्या आधीच सुरू झाली होती, त्यामुळे सगळं खापर एका रेडिओवर फोडणं मला कधी पटलं नाही. कारण काही असो, आकुला जातीच्या पाणबुड्या समुद्रात उतरल्या आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलाच्या वरिष्ठांना उघडपणे मान्य करावं लागलं की समोरच्या ताज्या पाणबुड्या आपल्याला ऐकू येईनाशा झाल्या आहेत. तोवर सोव्हिएत संघ कोसळला होता आणि पैशाचा नळही बंद होत आला होता.

त्या काळात सोनार यंत्रणा कशी बनायची ते सांगतो. सीवुल्फ पाणबुडीच्या युद्धप्रणालीचं काम १९८८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकला मिळालं. तीस लाखांहून अधिक ओळींचं सॉफ्टवेअर. सरकारी लेखापरीक्षकांनी धोक्याचे इशारे दिले. सीवुल्फ नौदलात दाखल झाली १९९७ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत घरातल्या संगणकात काय झालं बघा: १९८८ मध्ये ३८६ ही चिप म्हणजे श्रीमंती होती, १९९७ मध्ये पेंटियम-टू बाजारात आली. पाणबुडीचा संगणक मात्र खास तिच्यासाठी घडवलेला. त्याची चिप वेगळी, पेटी वेगळी, सॉफ्टवेअर त्या पेटीला चिकटलेलं. एखादं चांगलं गणित कोणाला सुचलं तरी ते आत घालायचं म्हणजे मूळ कंत्राटदाराच्या दारात जायचं, आणि तो सांगेल तो आकडा मोजायचा.

या आजारावर एक औषध आधी संशोधन खात्याने काढलं. ते फार मोठं होतं, आज फारसं कोणाला आठवत नाही, पण गमतीचं आहे. १९९३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन संस्थेने 'रॅस्प' नावाची योजना सुरू केली. सुमारे १५ कोटी डॉलर. उद्देश एकच: लष्करी सिग्नल प्रोसेसर घडवायला लागणारा वेळ किमान चौपटीने कमी करायचा. गुणवत्तेत आणि खर्चातही तितकाच फायदा हवा. दोन संघ निवडले. एकाचं नेतृत्व न्यू हॅम्पशायरमधल्या लॉकहीड सँडर्सकडे, दुसऱ्याचं न्यू जर्सीतल्या कॅमडेनच्या मार्टिन मॅरिएटाच्या प्रयोगशाळेकडे. कॅमडेन म्हणजे जुन्या आरसीए व्हिक्टरचं गाव, ग्रामोफोनच्या तबकड्यांचं. ही प्रयोगशाळाही त्याच वंशातली. परीक्षकाचं काम एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेकडे दिलं.

रॅस्पची कल्पना सुंदर होती. प्रोसेसर आधी कागदावर नाही, संगणकातच उभा करायचा. व्हीएचडीएल नावाची भाषा लष्करानेच १९८०च्या दशकात घडवून घेतली होती, १९८७ मध्ये तिचं प्रमाणीकरण झालं. त्या भाषेत लिहिलेला आराखडा चालवून बघता येतो. मग गरजांची यादी शब्दांत कशाला द्या? लिंकनने पहिली परीक्षा घेतली विमानातून भूप्रदेशाचं चित्र काढणाऱ्या रडारवर, आणि गरज म्हणून दिला चालणारा प्रोग्रॅम. तुमचं उत्तर याच्याशी जुळलं पाहिजे, बस्स. दुसरी कल्पना डेट्रॉइटहून उसनी घेतली होती. मोटारींचं जसं दरवर्षी नवं मॉडेल येतं, तसा प्रोसेसरचा सांगाडा कायम ठेवून आतली चिप दरवर्षी बदलायची.

आता दैवाची थट्टा पाहा. दोन संघ एकमेकांशी स्पर्धा करतील असा बेत होता. ऑगस्ट १९९४ मध्ये लॉकहीड आणि मार्टिन मॅरिएटा यांनी विलीनीकरण जाहीर केलं, मार्च १९९५ मध्ये ते पुरं झालं. दोन्ही स्पर्धक एकाच मालकाच्या घरात. पुढे २००० मध्ये सँडर्स हा विभाग ब्रिटिश बीएई सिस्टिम्सला विकला गेला, म्हणजे पुन्हा वेगळे! शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकी संरक्षण उद्योगात जी विलीनीकरणं झाली, त्यांत अभियंत्यांच्या छातीवरचं ओळखपत्र दर दोन-तीन वर्षांनी बदलत होतं. मेज तेच, खुर्ची तीच, मालक नवा.

रॅस्पने अवजारं सुधारली, चांगले अभियंते घडवले, शिकवण्यासाठी पुष्कळ साहित्य मागे ठेवलं. तरी माझ्या मते योजनेचा नेम जरा बाजूला गेला. आराखडा करण्याचा वेग हीच अडचण आहे असं तिने धरलं. पाणबुडीवाल्यांची अडचण निराळी होती. कोणाचं गणित चांगलं हे ठरवणार कोण, आणि ठरलं तरी ते दुसऱ्याच्या पेटीत जाणार कसं?

त्याचं उत्तर नौदलाच्या पाणबुडी विभागातून आलं. योजनेचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, लोक तिला आर्की म्हणतात. बाजारातला तयार संगणक सोनारमध्ये झटपट घालायची योजना, असा तिचा अर्थ. १९९५ मध्ये तज्ज्ञांच्या एका समितीने पाणबुड्यांचं ध्वनिक वर्चस्व गेल्याचं सांगितलं आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत पहिल्या यंत्रणा पाणबुड्यांवर बसूही लागल्या. नऊ वर्षांच्या सवयीत हे म्हणजे वीजच.

हे शक्य झालं त्यात विल्यम पेरी यांचा मोठा हात आहे. जून १९९४ मध्ये संरक्षणमंत्री पेरींनी एक परिपत्रक काढलं: लष्करी प्रमाणकांचा हट्ट सोडा, बाजारात चालणारी वस्तू चालत असेल तर तीच घ्या. हे त्यांना सुचणं साहजिक होतं. मंत्री होण्याआधी ते स्वतः याच धंद्यात होते. सिल्व्हेनियाच्या इलेक्ट्रॉनिक संरक्षण प्रयोगशाळेतून बाहेर पडून १९६४ मध्ये त्यांनी ईएसएल ही कंपनी काढली होती, आणि परक्यांचे सिग्नल पकडून उलगडणं हेच तिचं काम. खरेदी खात्याच्या नियमावलीत लहान कंपनीचा जीव कसा घुसमटतो हे त्यांनी मेजाच्या त्या बाजूने पाहिलेलं.

आर्कीत दोन कंपन्या मुख्य. एक व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सची डिजिटल सिस्टिम रिसोर्सेस, लहान कंपनी. १९८२च्या कायद्याने अमेरिकेत लहान उद्योगांसाठी संशोधनाचा पैसा राखून ठेवतात, त्यातून तिला काम मिळालं होतं. तिने बाजारातल्या प्रोसेसरांवर चालणारा संगणक आणि त्यावरचं मिडलवेअर तयार केलं. मिडलवेअर म्हणजे मधला थर. गणित लिहिणाऱ्याने खाली कोणती चिप आहे हे बघायचंच नाही, आणि चिप बदलणाऱ्याने वर कोणतं गणित चाललंय ते विचारायचं नाही. आज मोबाइल वापरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. १९९६ मध्ये पाणबुडीत हे नवल होतं.

दुसरी कंपनी लॉकहीड मार्टिन, तिचा मनासस इथला विभाग. फेअरफॅक्सहून गाडीने जाता येईल इतकं जवळ. हा विभाग मुळात आयबीएमचा. आयबीएमने तो लोरालला विकला, लोरालचा तो व्यवसाय १९९६ मध्ये लॉकहीड मार्टिनने घेतला. जुन्या सोनार यंत्रणा याच लोकांच्या हातच्या, पाणबुडीत काय कशाला जोडलंय हे त्यांनाच ठाऊक. आर्कीत त्यांना जुळणीचं काम दिलं. म्हणजे ज्याच्या हातातून मक्तेदारी काढून घ्यायची, त्यालाच घर उभारायला बसवलं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. त्याला बाहेर काढलं असतं तर तो प्रत्येक दारात आडवा झाला असता.

याशिवाय जॉन्स हॉपकिन्सची उपयोजित भौतिकी प्रयोगशाळा, टेक्सास विद्यापीठाची ऑस्टिनमधली प्रयोगशाळा, न्यूपोर्टचं नौदलाचं पाण्याखालील युद्धाचं केंद्र, आणि सोबत अनेक लहान कंपन्या. प्रत्येकीकडे स्वतःचं गणित, प्रत्येकीचं म्हणणं, आमचंच उत्तम. यांतलं निवडायचं कसं? पूर्वी जो उत्तम सादरीकरण करी, ज्याचा प्रस्ताव जाड, त्याचं गणित पुढे जाई. प्रस्तावात आवाजही प्रत्येकजण स्वतःच्या संगणकात तयार केलेला वापरी, आणि आपल्याच आवाजावर आपलंच गणित नापास होईल कसं?

आर्कीने सगळ्यांना एकच समुद्र दिला. पाणबुड्यांनी खरोखर ऐकलेल्या आवाजाच्या फिती. त्या वर्षानुवर्षं गोळा झालेल्या, अतिशय गोपनीय, आणि कोणत्याही कंत्राटदाराच्या मालकीच्या नाहीत. त्यांत खरा गोंगाट आहे, केबलचं वाकणं आहे, मधेच ओरडणारा देवमासा आहे. त्याच फितीवर प्रत्येकाने आपलं गणित चालवून दाखवायचं आणि निकाल सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून बघायचा. स्पर्धकांनी एकमेकांचे आकडे तपासायचे. यासाठी समकक्ष तज्ज्ञांचे गट केले आणि त्यांत खासगी कंपन्यांची माणसं, विद्यापीठांची माणसं, नौदलाची माणसं बसवली. तुमच्या प्रतिस्पर्ध्याला तुमच्या आलेखातली लबाडी जितक्या चटकन दिसते तितकी सरकारी अधिकाऱ्याला कधी दिसणार नाही. या रीतीची सगळी ताकद यातच होती.

निवड चार पायऱ्यांत होई. गणितामागचा विचार तपासणं, मग सामायिक फितींवर परीक्षा, मग प्रयोगशाळेत संपूर्ण साखळीत ते बसवून बघणं, शेवटी समुद्रात. यातली तिसरी पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे पडद्यासमोर खरे सोनार खलाशी बसवायचे. विशीतली पोरं, ताफ्यातून आलेली, समुद्रावर रात्रीच्या पाळ्या केलेली. संगणकाने रेघ शोधली हे खरं, पण ती अंधाऱ्या पडद्यावर वरून खाली ओघळणाऱ्या शेकडो रेघांतली एक आहे. पाळीच्या पाचव्या तासाला त्या पोराचा डोळा तिच्यावर ठरतो का? तो हात वर करून सांगतो का? गणिताला शंभर गुण पडले आणि खलाशाने हात वर केला नाही, तर कप्तानाच्या दृष्टीने गुण शून्य. विद्यापीठातल्या विद्वानांना हे गिळायला वेळ लागला असणार. आमच्या शिक्षकी पेशात विद्यार्थ्याला कळलं नाही म्हणून सिद्धांत नापास करायची पद्धत नाही, म्हणून मी अंदाज करू शकतो.

कामाची पद्धत बसल्यावर लय ठरली. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सुरुवातीला दरवर्षी, पुढे दोन वर्षांनी. यंत्रांची नवी पिढी दोन वर्षांनी. सगळ्या पाणबुड्यांना दर वेळी सगळं मिळत नाही. ज्या गोदीत येतात त्यांना त्या वर्षीचं मॉडेल. हे रॅस्पवाल्यांनी डेट्रॉइटहून आणलेलं स्वप्नच, पण प्रत्यक्ष आलं ते खारट पाण्यात. सुरुवात ओढत्या केबलपासून केली, कारण हरवलेला आवाज तिथेच सापडणार होता. नाकातल्या गोलाची पाळी मागाहून आली, आणि उच्च कंप्रतेच्या यंत्रणांचीही. वेगवेगळ्या वर्गांच्या पाणबुड्यांवर वेगवेगळ्या जुन्या यंत्रणा होत्या, त्या हळूहळू एकाच नावाखाली आल्या. नवी कल्पना चुकली तरी फार बिघडत नसे, दोन वर्षांनी पुढची गाडी होतीच. मुदत नक्की असली की अपूर्ण काम मागे ठेवायचं धाडस येतं. जुन्या पद्धतीत गाडी दहा वर्षांतून एकदा येई, म्हणून जो तो आपलं सगळं सामान तिच्यातच कोंबायला बघे आणि गाडी आणखी उशिरा सुटे.

आता दुसरी बाजू. ही रीत म्हणजे रामबाण, असं इंग्रजी मासिकांत वाचायला मिळतं. मला ते तितकं निखळ दिसत नाही. अमेरिकी संरक्षण खात्याचं चाचणी-मूल्यमापन कार्यालय आपल्या वार्षिक अहवालांत एक तक्रार पुन्हा पुन्हा नोंदवत आलं आहे. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, आणि तिची युद्धसदृश चाचणी पुरी व्हायच्या आतच ती पाणबुडीवर बसून समुद्रात गेलेली असते. मग चाचणीचा अहवाल येतो तो मागच्या वर्षाच्या पंचांगासारखा. बाजारातली चिप घ्यायची म्हटल्यावर बाजार ती केव्हाही बंद करणार, हेही आलंच. म्हणजे दोन वर्षांची लय ही निवड राहत नाही, सक्ती होते.

आणि लहान कंपनीचं काय झालं? २००३ मध्ये डिजिटल सिस्टिम रिसोर्सेस जनरल डायनॅमिक्सने विकत घेतली. जनरल डायनॅमिक्स म्हणजे ज्यांच्या गोदीत या पाणबुड्या बांधल्या जातात, ते. लहानांसाठी राखलेल्या पैशातून उभं राहिलेलं ज्ञान शेवटी मोठ्याच्या घरी गेलं. यात अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. कंपनी काढणाऱ्यांनी ती चांगल्या भावाने विकली, त्यांचा हक्कच होता. पण लहान उद्योगांमुळे मोठ्यांना शह बसतो असं कोणी सांगितलं, तर तो शह किती वर्षं टिकला हे विचारून घ्यावं. त्या फिती मात्र नौदलाकडेच राहिल्या, म्हणून परीक्षा घेण्याचा अधिकारही राहिला. कंपनीचं गणित विकलं जाईल, माणसं विकत घेतली जातील. समुद्राचा आवाज कोणाच्या ताळेबंदात गेला नाही.

तुमच्यापैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल की आपलं काय. माझगाव गोदीतून स्कॉर्पीन जातीच्या सहा पाणबुड्या नौदलाला मिळाल्या. कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली, सहावी वाघशीर जानेवारी २०२५ मध्ये. पाण्याखाली जास्त दिवस दडून राहता यावं यासाठीचं इंधनघटाचं तंत्र अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलं आहे आणि त्यात खासगी उद्योगही सामील आहेत. ऐकण्याचं आपलं काम कोचीच्या प्रयोगशाळेत चालतं; तिथे घडवलेली 'उशस' ही सोनार यंत्रणा भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार करून सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्यांवर बसवली. म्हणजे दडायचं तंत्रही आपलं आहे आणि ऐकायचंही, आणि पाणबुडीचं कवच तर माझगाव गोदीतच जोडलं गेलं.

पाणबुडी पंचवीस-तीस वर्षं चालते. तिच्यातला संगणक पाच वर्षांत म्हातारा होतो. अरबी समुद्र उत्तर अटलांटिकसारखा नाही. आपलं पाणी उबदार, किनाऱ्याजवळ उथळ, पावसाळ्याआधी आणि नंतर त्याचे थर बदलतात, आणि कोळ्यांच्या हजारो यांत्रिक बोटी रात्रभर धडधडत असतात. फ्रान्समध्ये किंवा अमेरिकेत लिहिलेलं गणित या गोंगाटावर तपासलेलं नाही. पुण्यात आणि मुंबईत सिग्नल प्रोसेसिंग शिकलेली मुलं भरपूर आहेत. त्यांतली बरीच आज मोबाइलच्या मायक्रोफोनमधला रस्त्याचा गोंगाट गाळण्याचं काम करतात, आणि उत्तम करतात. त्यांच्यातल्या पाचदहा जणांनी लहान कंपनी काढून आपलं गणित घेऊन यायचं ठरवलं, तर त्यांना आपल्या समुद्राची फीत कोणत्या खोलीत, कोणाच्या देखरेखीखाली ऐकायला मिळेल, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर सार्वजनिक उपक्रमाचा अभियंता त्यांचे आकडे तपासायला बसेल का, हे संरक्षण खात्याने ठरवायचं आहे. अमेरिकेत ही खोली उभी करायला फार मोठा खर्च आला नव्हता. फिती आधीच होत्या, तज्ज्ञ होते, खलाशी होते. एक छोटं कार्यालय आणि सगळ्यांना टेबलाशी बसवायचा आग्रह, एवढंच नव्याने लागलं.

अध्यक्षमहोदय घड्याळाकडे बघू लागले आहेत. आवाजाच्या गणिताबद्दल किंवा या कंपन्यांबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर कागदाच्या चिठ्ठ्या पुढे पाठवा. वेळ आहे तोवर उत्तरं देतो.